‘रायझिंग स्टार’ लॉज आणि माणकजी खरशेटजी

फ्रीमेसन मंडळींविषयीं आपल्याकडे कुतूहल फार, माहिती थोडी. बंद दारांआड चालणाऱ्या विधींमुळें उत्तर हिंदुस्थानांत त्यांच्या इमारतींस ‘जादूघर’ हें नांव पडलें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र विधींपेक्षां सभासदांची यादी अधिक बोधप्रद वाटते. कोणास आंत घेतलें व कोणास अडविलें, यावरून त्या काळच्या समाजाची घडण कळते.

लंडनचें ग्रँड लॉज इ. स. १७१७ मध्यें निघालें. त्याच्या १७२३ च्या नियमग्रंथांत विशिष्ट पंथाची अट नव्हती. सर्व माणसांस मान्य होईल असा धर्म पुरे मानला होता. अर्काटच्या नबाबाचा पुत्र उम्दतुल-उमरा यास सुमारें १७७५ मध्यें त्रिचनापल्लीस दीक्षाही मिळाली होती. यावरून एतद्देशीयांस मज्जाव करणारा नियम नव्हता, हें उघड आहे. परंतु प्रवेश सभासदांच्या गुप्त मतदानावर अवलंबून असे, आणि खरी अडचण तेथेंच होती.

याचा अनुभव माणकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांस आला. मुंबईच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजनें त्यांस नाकारलें. विलायतेसही कार्यसिद्धि झाली नाहीं. अखेर त्यांनीं पॅरिस येथें दीक्षा घेतली. आतां दीक्षित बंधूस मुंबईंत बाहेर कसें ठेवावें, असा पेंच पडला.

तो डॉ. जेम्स बर्न्स यांनीं सोडविला. हे कंपनीच्या मुंबई सैन्यांतील वैद्य व स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फें पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँड मास्टर. त्यांचा भाऊ अलेक्झांडर १८४१ मध्यें काबुलांत मारला गेला होता. तरीही १५ डिसेंबर १८४३ रोजीं त्यांनीं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज उघडलें व त्यांत पारशांबरोबर मुसलमान गृहस्थांसही घेतलें.

यास निव्वळ औदार्य म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. स्वतंत्र लॉज निघाल्यानें एतद्देशीयांस प्रवेश मिळाला, पण जुन्या लॉजांतील युरोपीयांस आपला निर्णय फिरवावा लागला नाहीं. हिंदूंचा प्रश्न तर आणखी लांबला. अनेक देवता मानणारा एका विश्वकर्म्याची शपथ कशी घेणार, हा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांस १८६३ पासून खटपट करून १८७२ मध्यें दीक्षा मिळाली.

तथापि या लॉजचें महत्त्व कमी होत नाहीं. पुढें खरशेटजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान् त्यांत आले. माणकजींनीं तर १८६३ मध्यें मुंबईंत मुलींकरितां अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. त्यांच्या चरित्राचा विचार करतांना या दोन्ही प्रयत्नांची सांगड घातली पाहिजे.