पाट्यांवरची जीप

मामीने जीपमध्ये बसायला साफ नकार दिला, तेव्हा कुठे आम्हाला जाग आली.

निडी म्हणजे नागोठणे आणि रोह्याच्या मधलं छोटंसं स्टेशन. तिथे मामाकडे एक जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. २०१७ च्या दिवाळीत मी आणि मामेभावाने ती 'उचलली'. (मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, म्हणजे सर्वज्ञ!) पुढे लांब शॅकल लावले, चारही बाजूंच्या पाट्यांत एकेक पाटा जादा घातला आणि मोठे टायर चढवले. गाडी काय रुबाबदार दिसायला लागली म्हणता... फोटो तर विचारूच नका.

यंदा नागोठण्याच्या पुढे एक खड्डा लागला आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की मामाने गाडी कशीबशी बाजूला घेतली. मामी उतरली आणि म्हणाली, "मला आपली एसटी बरी."

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. शॅकलचे रबरी बुश पार खलास, शॉकअप गळलेले. मामेभावाचं म्हणणं, आता टाकायचेच तर पॉलियुरेथेनचे भारी बुश टाकू. मिस्त्री म्हणाले, "टाका की. पण शॅकल हेच ठेवलेत तर परत माझ्याकडेच याल."

मला ते लागलं. म्हणून रात्री या पाट्यांच्या मागे लागलो.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने एका हलक्या चारचाकीसाठी निविदा काढली. पहिला नमुना द्यायला मुदत फक्त ४९ दिवसांची! बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने घाईघाईत आराखडे काढले. पुढे १९४१ पासून विलीज आणि फोर्डने त्याच वाटेने लाखो जीप बनवल्या. चारही चाकांना पाटे, कारण पाटा हे एकटंच तीन कामं करतं. वजन पेलतं, अॅक्सल जागेवर धरून ठेवतं, आणि पाटे एकमेकांवर घासतात त्यामुळे धक्काही थोडाफार जिरवतं. पाटा दाबला की सपाट होतो, म्हणजे लांबतो. त्या लांबीला जागा करून देणारा झुलता दुवा म्हणजे शॅकल. विलीजच्या शॅकलला आटे पाडलेले धातूचे बुश होते आणि त्यांना ग्रीस द्यावं लागे. झीज होणारच, हे तिथे गृहीतच धरलेलं होतं.

इकडे मुंबईत १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. याच कंपनीने विलीजची जीप इथे जुळवायला आणि मग बनवायला घेतली. इंजिनं बदलली, आमच्या ५४० मध्ये तर प्यूजोचं डिझेल आहे, पण पाटे तसेच राहिले. २०१० च्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आले, तरी मागचे पाटे होतेच. ते २०२० च्या थारमधून गेले.

इतकी वर्षं ही रचना टिकली, कारण ती कुठल्याही गॅरेजात खोलता येते. आणि आमच्यासारख्यांना बिघडवताही येते!

जीपचं पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं तो किंचित मागे कललेला असतो. विलीजला तो कल होता ३ अंश, त्याला कॅस्टर म्हणतात. त्याच्यामुळेच वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ होतं. आमच्या जीपचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं नाक खाली जातं, अॅक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. त्यात बुश ढिले. मग एक खड्डा पुरतो. नवे बुश हा थडथडाट काही दिवस झाकतील, कॅस्टर कुठून आणतील? शिवाय आम्ही शॅकल चार इंच लांब केले होते, मिळाली दोनच इंच उंची, कारण शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो. हे गणित तेव्हा का नाही केलं, देव जाणे.

कायद्याचंही बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे २००० मध्ये बदललं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. म्हणजे आमचा पराक्रम तिथेही नापासच.

रविवारी मिस्त्रींकडे मूळ मापाचे शॅकल, साधे रबरी बुश आणि नवे शॉकअप बसवले, जादा पाटे काढले, जुने टायर परत चढवले. मामेभाऊ दिवसभर तोंड पाडून बसला होता. संध्याकाळी मामा रोह्यापर्यंत चक्कर मारून आला, स्टिअरिंग गप्प.

मामी अजून बसलेली नाही. "आधी महिनाभर तुम्ही चालवा," म्हणते.