गुगलवरून वेबसाइट गायब झाली? आधी कारण शोधा, मग अर्ज करा

वैराग : आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेची वेबसाइट मागच्या मे महिन्यात गुगलवर दिसेनाशी झाली. नाव टाकून शोधलं तरी येईना. पावसाच्या तोंडावर मिरची-टोमॅटोच्या रोपांचं बुकिंग असतं, नेमके तेच फोन बंद पडले. एका एजंटाने "गुगलमध्ये आपली ओळख आहे" म्हणून पैसे मागितले. ते देऊ नयेत. साइट वर आणण्यासाठी गुगल कुणाकडून पैसे घेत नाही.

शेवटी कारण निघालं एका टिकचं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये रीडिंग नावाचं पान असतं, तिथं 'सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये' अशा अर्थाची चौकट आहे. नवीन डिझाइन करताना कामगाराने ती टिक केली आणि काढायची राहिली. टिक काढल्यावर दोनेक आठवड्यांत साइट परत आली.

म्हणून पहिलं काम म्हणजे साइट खरंच काढली गेली आहे की नुसती खाली घसरली आहे, हे बघणं. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, पुढे कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाका. पानं दिसली तर साइट आहे, फक्त मागे पडली आहे. काहीच आलं नाही तर सर्च कन्सोल उघडा. गुगलची ही सोय फुकट आहे, मात्र साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्यासाठी डोमेनचं किंवा साइटचं लॉगिन लागतं. आपल्याकडे घोडं इथंच अडतं! डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर, आणि तो पुण्याला गेलेला. डोमेनचं नूतनीकरण राहिलं असेल तरी साइट बंद पडते, तेही बघून घ्या.

सर्च कन्सोलमध्ये तीन जागा महत्त्वाच्या. 'पेजेस'मध्ये पान का घेतलं नाही याचं कारण लिहिलेलं असतं. 'सिक्युरिटी इश्यूज'मध्ये हॅकिंग कळतं. 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स'मध्ये गुगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई दिसते.

हॅकिंगचा प्रकार फसवा असतो. आपण उघडली तर साइट ठीक दिसते, गुगलला मात्र जपानी मजकुराची नाहीतर औषधांच्या जाहिरातींची पानं दाखवली जातात. गुगलला काय दिसतं ते 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये बघता येतं. सगळे पासवर्ड बदला, जुने प्लगइन अपडेट करा, नको ते काढून टाका. सर्च कन्सोलमध्ये कुणी अनोळखी मालक म्हणून घुसलाय का तेही पाहा, हे हमखास राहतं. मग फेरतपासणी मागा.

मॅन्युअल कारवाई मोठ्यांनाही चुकलेली नाही. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलने काढली होती, कारण शोधणाऱ्याला एक आणि गुगलला वेगळं दाखवणारी पानं त्यांनी ठेवली होती. ती पानं काढल्यावर साइट काही दिवसांत परत आली. 2013 मध्ये इंटरफ्लोरा या ब्रिटनमधल्या फुलांच्या कंपनीवर अशीच वेळ आली, तीही अकरा दिवसांत परतली.

या कारवाईनंतर 'रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट' हा अर्ज करता येतो. त्यात चूक नेमकी कोणती, दुरुस्तीसाठी काय केलं आणि आता स्थिती काय, एवढं सरळ लिहा. अर्धवट दुरुस्ती करून अर्ज टाकला तर तो फेटाळला जातो. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर दुसरा अर्ज टाकू नका.

कारवाई नसताना साइट घसरली असेल तर अर्जाची सोयच नाही. मार्च 2024 पासून गुगलने घाऊक तयार केलेल्या मजकुरावर नियम कडक केले आहेत. एकच प्रेसनोट दहा पोर्टलवर जशीच्या तशी टाकायची आपल्या धंद्यातली सवयही यात आडवी येते, हे कबूल करायला हवं. इथं मजकूरच सुधारावा लागतो आणि त्याला महिने जातात.

दुरुस्ती झाली की साइटमॅप पाठवा आणि मुख्य पानांसाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच, रोज दाबून काम लवकर होत नाही. बिंगसाठी वेगळं वेबमास्टर टूल्स आहे, त्यात सर्च कन्सोलवरची नोंद थेट आणता येते.