जेऊरचे ग्रहण, सोलापूरचे पंचांग

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दुपारी चंद्राची सावली सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे गाव खग्रास पट्ट्यात येत असल्यामुळे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नाएगमवाला दुर्बिणी घेऊन तिथे उतरले होते. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाणार ते सुमारे दोन मिनिटे. तेवढ्यात प्रभामंडलाची छायाचित्रे आणि वर्णपट हाती लागले तर लागले. भाविकाच्या लेखी हाच पर्वकाळ: स्पर्श (ग्रहणाचा आरंभ) झाला की स्नान, मग जप, मोक्षानंतर (ग्रहण सुटल्यावर) पुन्हा स्नान आणि दान. विज्ञान एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या, असे हे चित्र मांडायची आपल्याला सवय आहे. मला ते अपुरे वाटते. स्पर्शाचा आणि मोक्षाचा क्षण अचूक कळावा ही गरज दोघांचीही होती. शिवाय ग्रहण जिथे दिसते तिथेच पाळावे, असे धर्मशास्त्रच सांगते. म्हणजे शेवटचा निवाडा त्यानेही डोळ्यांवर सोपवला आहे.

सोलापूरच्या दाते पंचांगाचा इतिहास याच निवाड्यातून समजतो. महाराष्ट्रातली जुनी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२०च्या ग्रहलाघवावर चालत. साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साचल्या आणि पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेले गणित पंचांगात आणले. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी त्यासाठी नवी कोष्टके रचली. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचा अंदाज १९११मध्ये मांडणारे केतकर ते हेच. १९१७च्या सुमारास नानाशास्त्री दाते यांनी सोलापुरातून पंचांग सुरू केले. आकाशाशी मेळ खाणारे सूक्ष्म गणित ही त्याची ओळख. ऋषिप्रणीत गणिताला हात लावणे हा अधर्म, असा आक्षेप सुधारणावाद्यांवर घेतला जाई. त्याला उत्तर गणेश दैवज्ञांनीच देऊन ठेवले होते, कारण जुने ग्रंथ वेधाला उतरत नाहीत म्हणूनच त्यांनी नवा ग्रंथ लिहिला. विश्वाची घडी ईश्वराने बसवली असे जो मानतो, त्याने पोथी आणि आकाश यांत तफावत पडली तर पोथी सुधारावी. ही श्रद्धेची माघार नव्हे. तिच्यातला प्रामाणिकपणा मला इथेच दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हा सारा खटाटोप शेवटी मुहूर्त आणि राशिफल यांसाठीच ना? ग्रहांच्या स्थितीवरून माणसाचे भाग्य कळते याला पुरावा नाही, आणि अचूक गणितामुळे फलित खरे ठरत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. पण वेधाला प्रमाण मानणारी परंपरा फलितालाही त्याच कसोटीवर घासू शकते, आणि तिने ते करावे. आकाशाने थक्क होऊन हात जोडणाऱ्याला राशिफलाची गरज नाही.

खरी अडचण संक्रांतीची आहे. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मकरसंक्रांतीला भरते, नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांत हा उत्तरायणाचा आरंभ मानला जातो, उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सिद्धेश्वराच्या, म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या, बाराव्या शतकात उत्तरायण आणि संक्रांत यांतले अंतर साधारण १२ दिवसांचे होते, आज ते २४च्या आसपास आहे. मग सण खोटा ठरतो का? नाही, सूर्य त्या दिवशी निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, मकर राशीत जातोच, फक्त त्याला उत्तरायणाचा आरंभ म्हणू नये. ही रास नेमकी कुठून मोजायची यावरही भाविक पंचांगकर्त्यांत मतभेद आहेत. टिळक पंचांग रेवती तारा धरते, त्यामुळे त्याची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. दाते पंचांग चित्रा धरते, म्हणून १४ किंवा १५. दोन्ही पक्ष देव मानतात, आणि तरी वाद घालतात तो ताऱ्यांच्या जागांवर.