उंदीर आणि सावित्रीचा पूर

मी महाड तालुक्यात आरोग्य सेवक होतो, त्यामुळे उंदराकडे मी नेहमी रोगांच्या इतिहासाच्या नजरेने पाहतो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे निघाली. त्या काळी मुंबईहून कोकणात येणारी मोठी वाट समुद्राची. बाणकोटच्या खाडीतून होड्या दासगाव-महाडपर्यंत येत. सरकारने वाटेत तपासण्या, सक्तीचं विलगीकरण असे उपाय केले. पण रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात, हे पॉल-लुई सिमों याने 1898 मध्ये दाखवलं. उंदीर मरू लागले की घर सोडून शेतात झोपड्या घालायच्या, हा उपाय म्हणूनच कामाचा होता. सगळी सक्ती वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण धाक माणसांना होता आणि पिसवा मोकळ्या होत्या!

प्लेगचा तो काळ सरला, पण उंदराचा धोका सरला नाही. 22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पूर ओसरल्यावर दुसरा धोका चिखलात असतो: लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-गुरांच्या लघवीतले जंतू पायाच्या भेगेतून, जखमेतून आत शिरतात. ताप, पिंढऱ्यांत ठणका, पुढे कावीळ, कधी मूत्रपिंडही निकामी. पुरानंतर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या यासाठीच.

म्हणून महाड-पोलादपूरच्या भातलावणी करणाऱ्यांनो, जखम झाकूनच चिखलात उतरा, आणि ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आधी सांगा.