२६ जून : राजा आणि नट

जयंत्यांच्या यादीत एकाच तारखेखाली दोन मोठी नावे आढळली की मनुष्य क्षणभर थबकतो. त्यात योगायोगापलीकडे काही नसते हे बुद्धीला कळते. तरीही त्या दोन आयुष्यांना जोडणारा एखादा धागा सापडतो का, हे पाहण्याचा मोह आवरत नाही. बहुतेक वेळा धागा सापडत नाही. २६ जून ही तारीख मात्र याला अपवाद आहे. या दिवशी, १८७४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तेच पुढे करवीरचे छत्रपती शाहू महाराज झाले. त्यानंतर बरोबर चौदा वर्षांनी, १८८८ च्या २६ जूनला, नारायण श्रीपाद राजहंस जन्मास आले. महाराष्ट्राने त्यांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतले. एक राजा, एक नट. आणि हे दोघे केवळ पंचांगाच्या पानावर भेटले असे नाही. ते प्रत्यक्ष आयुष्यातही भेटले, आणि त्या भेटीने मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास बदलला.

पंचांगाचा उल्लेख आलाच आहे, तर आधी तारखेचीच थोडी चिकित्सा करणे इष्ट होईल. या दोघांचा जन्मदिवस एक आहे असे आपण म्हणतो, ते इंग्रजी कालगणनेनुसार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत वाढदिवस तिथीने होत असे. तिथी आणि तारीख यांचा मेळ साधारणतः एकोणीस वर्षांनी बसतो. चौदा वर्षांनी बसत नाही. या दोन जन्मांमध्ये ५११४ दिवसांचे अंतर आहे, आणि चांद्रमासांच्या हिशेबाने पाहिल्यास सुमारे पाच तिथींचा फरक पडतो. म्हणजे जुन्या रीतीने विचार केला तर या दोघांचा वाढदिवस एक नव्हेच! शिवाय शाहू महाराजांच्या अनेक जुन्या चरित्रांत आणि नोंदींत त्यांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी दिलेली आढळते. पुढे संशोधनानंतर ती २६ जून अशी निश्चित झाली, आणि आता महाराष्ट्रात याच तारखेला शासकीय पातळीवर महाराजांची जयंती साजरी होते. नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा महाराजांचा प्रसिद्ध जाहीरनामा १९०२ सालच्या २६ जुलैचा आहे, हाही एक योगायोगच. सांगण्याचा हेतू एवढाच की, जन्मतारीख ही आपल्याला वाटते तितकी निर्विवाद वस्तू नसते. ती कागदांतून शोधावी लागते, ताडून पाहावी लागते, आणि प्रसंगी दुरुस्तही करावी लागते. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेत हे सांगण्यास संकोच नको. असे कागद जपून ठेवणे हेच ग्रंथालयाचे एक प्रमुख कार्य आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या मंडळीच्या वैभवाचा मोठा आधार होते भाऊराव कोल्हटकर. भाऊराव मूळचे आपल्या बडोद्याचे. इथूनच किर्लोस्करांनी त्यांना उचलले. त्यांचा आवाज आणि त्यांच्या स्त्रीभूमिका यांनी दोन दशके प्रेक्षकांना वेड लावले. १९०१ च्या फेब्रुवारीत भाऊरावांचे निधन झाले आणि किर्लोस्कर मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला : आता शकुंतला कोण?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या वाटेने आले. नारायण राजहंस हा गोड गळ्याचा मुलगा. त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ हे नाव दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण या मुलाच्या कानात दोष उत्पन्न झाला होता. गवय्याचा कान गेला तर गळा कितीही गोड असून काय उपयोग? शाहू महाराजांपर्यंत ही गोष्ट गेली, आणि त्यांनी मुलाला उपचारांसाठी मिरजेच्या मिशन रुग्णालयाकडे पाठविले. त्या काळी किर्लोस्कर मंडळी मिरजेत होती. महाराजांच्या शब्दाने नारायणाचा मंडळीत प्रवेश सुकर झाला. गोविंद बल्लाळ देवलांसारख्या कसलेल्या नाटककाराने त्याच्याकडून भूमिकेची तालीम करून घेतली, आणि १९०५ मध्ये मिरजेतच नारायण शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभा राहिला. त्या वेळी त्याचे वय सतरा वर्षांच्या आसपास होते.

या प्रसंगाचे मोल समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. वेदोक्त प्रकरण नुकतेच पेटले होते. छत्रपतींना वेदोक्त विधींचा अधिकार आहे की नाही, या वादात शाहू महाराज आणि लोकमान्य टिळक परस्परांच्या विरोधात उभे होते. त्यांच्यातील कटुता पुढेही सरली नाही. अशा काळात, टिळकांनी नाव दिलेल्या एका ब्राह्मण मुलाच्या कानाची चिंता शाहू महाराजांनी वाहिली. यातून महाराजांचे मोठेपण दिसते, हे खरे. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसते : सुराच्या बाबतीत त्यांच्याजवळ पंक्तिभेद नव्हता. संगीतसम्राट अल्लादियाखाँसाहेब त्यांच्याच दरबारचे गवई. १९२२ मध्ये महाराज गेल्यानंतरच खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. कोल्हापुरात जन्मलेले मराठा समाजातील केशवराव भोसले हेही महाराजांच्या प्रेमातले नट. १९१५ मध्ये महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले. शेजारीच कुस्तीचे खासबाग मैदान होते. नाट्यगृह आणि आखाडा शेजारी-शेजारी बांधणारा राजा हा नुसता शौकीन नव्हे. आपल्या प्रजेला काय आवडते आणि काय आवडले पाहिजे, या दोन्हींची त्याला जाण होती.

आश्रयाची ही साखळी किती दूरवर पोहोचते, याचे एक उदाहरण देतो. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. बुवांचे बालपण आणि संगीताचे शिक्षण यांचा आपल्या बडोद्याशी निकटचा संबंध आहे. येथील फैज महंमदखाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली, आणि पुढे अल्लादियाखाँचेही शिष्यत्व पत्करले. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांच्या चाली बुवांच्या. रुक्मिणीच्या वेषातील बालगंधर्व जे गात होते, त्यात बडोद्याच्या आणि कोल्हापूरच्या अशा दोन दरबारांची विद्या मिसळलेली होती. प्रेक्षागृहात बसलेल्या कारकुनाला किंवा दुकानदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला राजदरबारी जाण्याची परवानगी कोणी दिली नसती. पण दरबारचे गाणे तिकीट काढून त्याच्यापर्यंत आले. संगीत नाटकाने केलेले हे सर्वांत मोठे काम होय.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला, ही बडोदेकरांच्या अभिमानाची गोष्ट. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग, त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात झाला. सिंधूच्या फाटक्या लुगड्यातील बालगंधर्व प्रथम पाहण्याचे भाग्य याच शहराला लाभले. एरवी भरजरी शालू, अत्तरे आणि खरे दागिने यांशिवाय रंगमंचावर न येणारा नट त्या रात्री दारिद्र्याच्या वेषात उभा राहिला, आणि प्रेक्षकांना तो अधिकच सुंदर वाटला. सौंदर्य वस्त्रात नव्हते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

बालगंधर्वांच्या व्रताची आणखी एक साक्ष ‘मानापमान’ची आहे. १२ मार्च १९११ हा त्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा दिवस. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनी रंगमंचावर आली आणि गायली. या प्रसंगाकडे आज आपण कौतुकाने पाहतो. पण त्यामागे एका बापाने गिळलेले दुःख आहे, याचा विसर पडू नये.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत याच ‘मानापमान’चा ‘संयुक्त’ प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले. शाहू महाराजांच्या लोभातील हे दोन नट टिळकांच्या नावाच्या निधीसाठी एकत्र गायले, हा इतिहासाने साधलेला समन्वय आहे. जे राजकारणाला जमले नाही ते रंगभूमीने एका रात्रीपुरते का होईना, करून दाखविले.

ती रात्र म्हणजे एका युगाचे शिखर होते. त्यानंतर उतरण लागली. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा गेले. आणि ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांनी देह ठेवला. सात महिन्यांच्या अवधीत बालगंधर्वांनी प्रतिस्पर्धी, गुरू आणि पहिला आश्रयदाता असे तिघेही गमावले.

पुढची कथा कर्जाची आहे. कलेसाठी हात आखडता घेणे बालगंधर्वांना माहीत नव्हते. मंडळी कर्जात बुडाली. नादारी पत्करून मोकळे होण्याऐवजी त्यांनी गाऊन ते कर्ज फेडण्याचा मार्ग धरला. तोवर बोलपट आला. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोट्यांसारखी सुशिक्षित घरातील स्त्री पडद्यावर दिसली, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगभूमीवर स्त्रीभूमिका स्त्रीनेच करण्याची वाट रुंद केली. पुरुषाने स्त्री व्हावे ही गरजच संपत आली. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व पडद्यावर आले, ते संत एकनाथ म्हणून. (चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते इंग्रज सरकारच्या परीक्षकांना रुचले नाही.) पण ज्याने आयुष्यभर रुक्मिणी, भामिनी आणि सिंधू जगविल्या, त्याला कॅमेऱ्यासमोर पुरुषवेषात उभे राहणे मानवले नाही. पडदा त्यांचा झाला नाही, आणि रंगभूमीही पूर्वीची राहिली नाही. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले; परंतु अखेरची वर्षे आजारपणात आणि विपन्नावस्थेत गेली. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक प्रश्न मनात येतो. राजाश्रय संपल्यावर कलावंताला कोणी सांभाळायचे? १९०५ मध्ये एका मुलाच्या कानासाठी एक छत्रपती धावून आला. उतारवयातल्या त्याच कलावंतासाठी मात्र संस्थाने उरली नव्हती, आणि लोकांना आपली जबाबदारी पुरती उमगलेली नव्हती. आम्ही रसिकांनी त्यांच्या गाण्यावर प्रेम केले. त्यांच्या भाकरीची चिंता केली असे म्हणवत नाही. शताब्दीच्या आनंदातही ही कबुली दिलेली बरी.

तरी उत्तर अगदीच मिळाले नाही असे नाही. पुण्याच्या महानगरपालिकेने नदीकाठी एक नाट्यगृह बांधावयास घेतले. १९६२ मध्ये त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, आणि त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्याच जयंतीला, २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. कोल्हापुरात १९१५ साली राजाने नाट्यगृह बांधले होते. पुण्यात ते नागरिकांच्या कराच्या पैशांतून उभे राहिले. आश्रयदाता बदलला होता. महाराजांच्या त्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, केशवरावांच्या जयंतीचा होता. तारखांचे योग नेहमी मंगल असतात असे नाही.

आपले ग्रंथालय राजांच्या काळात रुजले आणि सभासदांच्या वर्गणीवर वाढले. त्याच्या कपाटांत ‘स्वयंवर’ आणि ‘एकच प्याला’ यांच्या प्रती आहेत. कागद पिवळा पडला आहे, कडा झिजल्या आहेत. पण पाठीमागच्या चिठ्ठीवरील तारखांचे शिक्के पाहिले तर कोणी ना कोणी त्या नेत आले आहे. २६ जूनला राजाला हार घातला जातो आणि नटालाही. त्या दिवशी एखाद्या सभासदाने यांपैकी एक प्रत घरी नेऊन उघडली, तर त्या दोघांचेही स्मरण एकदमच होईल.