औरस आणि दत्तक

औरस आणि दत्तक पुत्रांच्या अधिकारांविषयीं आपल्या धर्मशास्त्रांत पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. परंतु तोच वाद चित्रखेळांच्या इतिहासांतहि उपस्थित व्हावा, हें अनेकांस चमत्कारिक वाटेल. निन्टेन्डो या जपानी कंपनीनें १९८५ सालीं काढलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची ओळख वाचकांस करून देण्याचें प्रयोजन नाहीं. त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९० नंतरच्या दशकांत नकली यंत्रांच्या द्वारें तो आपल्याकडील मध्यमवर्गाच्या घरांतहि शिरला, आणि त्याचें संगीत आज चाळिशी उलटलेल्या कित्येकांच्या कानांत अजून आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या भागाचा. १९८८ सालीं अमेरिकेंत निघालेला हा भाग सत्तर लाखांवर खपला खरा, पण जाणत्यांच्या पंक्तींत त्यास नेहमीं कडेचा पाट मिळतो. “हा मारिओच नव्हे,” असा त्यावरील आक्षेप. आमचें मत उलट आहे: मूळ खेळाहून हा दुसराच आम्हांस अधिक प्रिय आहे, आणि इतिहास नीट पाहिल्यास तो आक्षेपहि फारसा टिकत नाहीं.

औरस पुत्र निराळाच होता. १९८६ च्या जूनमध्यें जपानांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ निघाला. रूप तेंच, चाल तीच, फक्त काठिण्य दुप्पट. खावयास जावें तों अळंबें विषारी निघावें, उडी मारावी तों वाऱ्याच्या झोतानें भलतीकडे न्यावें, आणि गुप्त मार्ग सांपडला म्हणून हर्ष मानावा तों त्यानें खेळणारास मागल्या जगांत नेऊन टाकावें! गुरूचाच धडा अधिक मोठ्यानें घोकणाऱ्या शिष्यासारखा हा खेळ आहे. १९८३ सालीं चित्रखेळांचा बाजार कोसळलेला अमेरिकेनें पाहिला होता. कंपनीच्या तेथील शाखेस असा क्लेशदायक खेळ नको होता. तेव्हां दत्तकाचा शोध सुरू झाला.

तो सांपडला दुसऱ्याच घरीं. १९८७ सालीं फुजी टेलिव्हिजननें ‘युमे कोजो’, म्हणजे ‘स्वप्नांचा कारखाना’, या नांवाचा उत्सव भरविला होता. त्यांतील पात्रें घेऊन निन्टेन्डोनें ‘डोकी डोकी पॅनिक’ हा खेळ रचला, आणि तो त्याच वर्षीं जुलैंत बाहेर पडला. अरबी वेषांतील इमाजिन, त्याची सखी लीना, आणि त्याचे आईबाप अशीं चार माणसें त्यांत होतीं. दत्तविधानाच्या वेळीं इमाजिनचा मारिओ झाला, लीनाची राजकन्या झाली, बाप टोड झाला आणि आई लुईजी! लुईजी मारिओहून उंच दिसूं लागला तो या आईमुळें. हवेंत पाय फडफडवीत जाण्याची त्याची लकबहि याच खेळांतली.

येथें आक्षेपक म्हणतील, झालें तर मग, परगोत्रच ठरलें. तसें नाहीं. केन्सुके तनाबे यांनीं पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, वरवर चढत जाणाऱ्या, दोघांनीं मिळून खेळावयाच्या एका प्रायोगिक खेळांत याचें बीज होतें, आणि त्यांत मारिओच्या धर्तीचें आणखी कांहीं घालावें अशी सूचना खुद्द मारिओचे जनक शिगेरु मियामोतो यांची होती. संगीत पहिल्या खेळाचेच संगीतकार कोजी कोंदो यांचें. हें दत्तक सगोत्रच होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आमच्या आवडीविषयीं. पहिल्या खेळांत घड्याळ मानगुटीवर बसलेलें असतें, आणि पडदा एकदां सरकला कीं मागें फिरण्याची सोय नाहीं. दुसऱ्यांत घड्याळ नाहीं, गुण नाहींत. मागें जावें, वर चढावें, वाळू उकरीत खालीं उतरावें. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाहीं, उलट आपणांस घेऊन चालूं लागतो! जमिनींतून भाजी उपटावी आणि ती फेंकून मारावी. औषधाची कुपी आपटली कीं दार उभें राहतें आणि त्यापलीकडे तेंच जग काळोखांत उलटें दिसतें. किल्ली उचलतांच भिंतीवरचा मुखवटा हलतो आणि पाठलाग करतो. त्या क्षणीं अंगावर येणारा कांटा पहिल्या खेळानें आम्हांस कधीं दिला नाहीं. अंतीं वॉर्ट या दुष्ट बेडकास भाजीचाच तिटकारा असतो, म्हणून ती त्याच्या तोंडांत कोंबून त्यास जिंकावयाचें! आयांस हें विशेष रुचावें.

न्यून नाहीं असें नव्हे. बहुतेक टप्प्यांच्या शेवटीं अंडीं थुंकणारा तोच प्राणी पुनः पुनः भेटतो, याचा कंटाळा येतो. आणि पहिल्या खेळांतील धांवेंतून उडींत जाण्याची जी लय आहे, ती येथें नाहीं, हेंहि आम्ही कबूल करतों. पण ती लय पन्नास वेळां अनुभवली म्हणजे हाताची संवय होते, आणि मन मोकळें फिरूं लागतें. दुसऱ्यांत तें अजून गुंतून राहतें.

१९९२ सालीं हा दत्तक ‘सुपर मारिओ यूएसए’ या नांवानें जपानांत परतला. त्याच्याबरोबर आलेले मुखवटेधारी शाय गाय आणि चालते बाँब यांनीं तर मारिओच्या पुढील खेळांत कायमचा बिऱ्हाडा थाटला. औरस पुत्रास अमेरिका दिसली ती १९९३ सालीं, एका संग्रहांत. तेथें त्यास ‘दुसरा’ हें नांव मिळालें नाहीं, तें अगोदरच दिलेलें होतें. त्यास म्हणूं लागले ‘हरवलेले टप्पे’.