पितळ, नीळ आणि केस

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. 'भाण' म्हणजे पितळ, त्यावरून भाणारा आणि मग भंडारा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी की खोटी देव जाणे, पण पितळेच्या भांड्यांचा इथला धंदा खरा. आमचं मोहाडी भंडारा-तुमसर रस्त्यावरचं, चौंडेश्वरीच्या देवळाचं गाव. त्यामुळे रंगवलेले केस महिन्याभरात पिवळट-तांबूस चमकायला लागले की त्याला 'ब्रासी' म्हणतात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. एका लग्नात माझ्या मामेबहिणीला एका म्हाताऱ्या बाईंनी भर मांडवात विचारलं, "काहून वो बाई, डोस्क्यावर गुंड पालथा घातला का?" (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: गुंड म्हणजे पाण्याची पितळी घागर.) सगळे हसले. बहीण हसली नाही.

मग मी या पितळेच्या मागे लागलो.

मुळात हा रंग बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, तो आपल्याच केसात दडलेला असतो. १८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात केस उजळ करण्यासाठी ते दाखवलं गेलं. पेरॉक्साइड केसातलं काळं द्रव्य तोडतं, पण काळा केस एकदम फिका होत नाही. आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा, असा उतरत जातो. आपल्याकडचे गर्द केस बहुधा नारिंगीपाशीच थांबतात. त्यावर तपकिरी रंगाचं पांघरूण घातलं जातं, ते धुण्याने आणि उन्हाने विरतं, आणि खालचं पितळ दिसायला लागतं. पार्लरमध्ये यावर दोनच उपाय सांगितले गेले: आणखी ब्लीच करा, नाहीतर सरळ काळा कलप लावा. पहिल्याने केसांचा सुंभ होतो. दुसरा उपाय म्हणजे हार मानणं, दुसरं काय!

खरा उपाय कापड रंगवणाऱ्यांना ठाऊक होता. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात १८२४ पासून रंगाई खात्याचा प्रमुख असलेल्या शेव्हरल याच्याकडे तक्रार आली, की अमुक काळा रंग फिका दिसतो. त्याने तपास केला, तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगात होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. रंगांचं चक्र मांडलं की समोरासमोरचे रंग शेजारी ठेवल्यास एकमेकांना उठाव देतात, आणि एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात. नारिंगीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा. आज दुकानात निळा किंवा जांभळा शाम्पू मिळतो तो याच हिशेबावर.

आमच्या आज्यांनी शेव्हरल कुठे वाचला होता? पण धोतर शेवटच्या पाण्यातून काढताना त्या नीळ द्यायच्याच. कापडाचा पिवळेपणा निळ्याने मारायचा, इतकं साधं. ही बादलीतली नीळ म्हणजे बहुधा अल्ट्रामरीन. पूर्वी ती अफगाणिस्तानातल्या मौल्यवान दगडापासून व्हायची, १८२८ च्या सुमारास गिमे या फ्रेंच माणसाने स्वस्तात बनवून दाखवली, तेव्हा कुठे ती धोब्याच्या घाटावर पोचली.

एक मेख मात्र आहे. पिवळ्यावर निळं पडलं तर हिरवं होतं. आमच्याच तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा मूळचा मधाच्या रंगाचा. त्यावर पातळ निळा रंग चढवा, तो हिरव्याकडे झुकणार. केसांचंही तसंच. म्हणून आपलं पितळ नारिंगी आहे की पिवळं, हे आधी उजेडात नीट बघावं. नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा.

माझ्या मावशीची गोष्ट वेगळी. तिचे केस पांढरे, आणि ती वर्षानुवर्षं कलप लावायची. एकदा दुसऱ्या दिवशी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नाही. कारण होतं पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. १८८३ साली फ्रान्समध्ये केसांसाठी त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि आजही बहुतेक काळ्या कलपांत तेच किंवा त्याचं भावंड असतं. 'काळी मेंदी' नावाच्या पुड्यांतही पुष्कळदा तेच, कारण निव्वळ मेंदी काळी होतच नाही. (एकदा अंग सुजलं की पुढच्या वेळी जास्त सुजतं. हे हसण्यावारी नेऊ नका.) मग राहिली साधी मेंदी. पांढऱ्या केसांवर ती भगवी उठते. मावशी भजनाला जायची ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

यावर जुना तोडगा लोखंडाचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत केस काळे करण्याची कृती दिली आहे: लोखंडी भांड्यात कोद्रवाचे तांदूळ आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवायचे, डोक्याला लावून पानं बांधायची, दोन प्रहरांनी आवळ्याचा लेप. कोद्रव म्हणजे आपलं कोदो! लोह आणि आवळ्यातलं तुरट द्रव्य मिळून काळं होतं. आजही बायका मेंदी लोखंडी कढईत आवळा नि चहाच्या पाण्यात भिजवतात, ती याच वंशातली.

मावशीला फळली ती मात्र निळीच्या झाडाची पानं. फारसीत त्यांना वस्मा म्हणतात. आधी मेंदी, ती धुऊन मग पानांची पूड कोमट पाण्यात कालवून. भगव्यावर निळं पडलं की तपकिरी-काळं. पहिल्या दिवशी जरा हिरवट दिसतं, दुसऱ्या दिवशी रंग बसतो. (ही पूडही निवडून घ्यावी, काहींत पीपीडी मिसळलेलं असतं.)

जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि कापडासाठी निळीच्या शेतीची गरज हळूहळू संपली. केसांना मात्र अजून पानच लागतं. पानात नीळ तयार नसते, तिचं बिनरंगी मूळ असतं. ते केसात शिरतं आणि आत गेल्यावर हवेने निळं होतं. तयार नीळ पाण्यात विरघळत नाही, ती केसावर नुसती बसते आणि धुतली की जाते. तेव्हा कपड्यांची नीळ डोक्याला चोळू नका.